ऑनलाइन डिग्री घेताय? फी भरण्याआधी कोर्सचे ‘चार पाय’ तपासा

बारावीचा निकाल लागला की मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. ‘घरबसल्या बीए, बीकॉम, एमबीए’, ‘कॉलेजला जायची गरज नाही’, ‘आजच प्रवेश घ्या, उद्या फी वाढणार’. ज्या गावातून तालुक्याला दिवसाला दोनच एसटी आहेत, जिथे मुलीला रोज एवढ्या लांब पाठवायला घरचे तयार होत नाहीत, किंवा मुलगा दिवसभर शेतात नाही तर दुकानात राबतो, तिथे ही सोय खरंच मोठी आहे. पण फी काही हजारांत जाते आणि वर्षं तीन. कोर्स कच्चा निघाला तर दोन्ही वाया. म्हणून ऑनलाइन कोर्स कसा असावा याचे नियम काय आहेत आणि ते कसे बदलत गेले, हे आधी समजून घ्या.

नियम कोण ठरवतं?

विद्यापीठांच्या ऑनलाइन डिग्रीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी ठरवते. आयोगाचा दूरशिक्षण विभाग (डीईबी) हे काम बघतो. पूर्ण ऑनलाइन डिग्रीसाठी पहिली नियमावली २०१८ मध्ये आली. मग ४ सप्टेंबर २०२० ला दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण दोन्हींसाठी मिळून एकच नियमावली आली. त्यातही नंतर दुरुस्त्या झाल्या.

या नियमांनी एक गोष्ट पक्की केली. मान्यताप्राप्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त ऑनलाइन डिग्री ही कॉलेजात बसून घेतलेल्या डिग्रीच्या बरोबरीची धरली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीर सांगितलं. पण बरोबरीचा मान द्यायचा तर कोर्सही बरोबरीचा हवा, म्हणूनच दर्जाचे नियम कडक होत गेले.

चार पाय कोणते?

खाटेचा एक पाय मोडका असला की खाट डुगडुगते. ऑनलाइन कोर्सचंही तसंच आहे. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. तिथला प्रत्येक कोर्स चार भागांत बांधावा लागतो आणि विद्यापीठांच्या ऑनलाइन डिग्रीलाही हीच चौकट लागते.

१. व्हिडिओ: शिक्षक समजावून सांगतात तो भाग.
२. वाचायचं साहित्य: धड्याचा मजकूर, पीडीएफ, आकृत्या, सोडवलेली उदाहरणं. नेटवर्क नसेल तेव्हा हाच भाग कामाला येतो, म्हणून तो डाऊनलोड होतो का ते बघा.
३. चर्चा आणि शंका: प्रश्न विचारायची जागा आणि उत्तर देणारा माणूस.
४. स्वतःची चाचणी: प्रत्येक घटकानंतर प्रश्न, असाइनमेंट आणि त्याचे गुण.

गल्लत इथेच होते. अनेक ठिकाणी पहिला पाय चकाचक असतो, बाकीचे तीन नावाला. व्हिडिओ भरपूर, पण शंका विचारली तर महिनाभर उत्तर नाही. गावातल्या मुलाला शेजारी विचारायला कोणी नसतं. त्यामुळे त्याच्यासाठी तिसरा पाय सगळ्यात महत्त्वाचा.

तासांचा हिशेब करा

दुसरी कसोटी क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. यात व्हिडिओ, वाचन, असाइनमेंट सगळं आलं. म्हणजे ४ क्रेडिटच्या एका विषयाला १२० तास. सोळा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला साडेसात तास झाले, तेही एकाच विषयाला. ‘रोज दहा मिनिटं व्हिडिओ बघा आणि डिग्री घ्या’ असं कोणी सांगत असेल, तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडा.

शिकवलं एक, विचारलं दुसरं?

चांगल्या कोर्सची खरी ओळख म्हणजे मेळ. सुरुवातीला सांगितलेलं उद्दिष्ट, शिकवलेला भाग आणि परीक्षेतला प्रश्न, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. समजा बीकॉमच्या विषयात लिहिलंय, ‘विद्यार्थ्याला जीएसटीचं विवरणपत्र भरता येईल’. मग कोर्समध्ये विवरणपत्र भरून दाखवायला हवं, सराव करून घ्यायला हवा आणि परीक्षेतही तेच हवं. शिकवताना नुसत्या व्याख्या आणि परीक्षेतही व्याख्याच असतील, तर मार्क मिळतील, पण हाताला काम येणार नाही.

अमेरिकेतली ‘क्वालिटी मॅटर्स’ ही संस्था ऑनलाइन कोर्स तपासते, तिचाही सगळा भर या मेळावरच आहे. तिचे आठ मुख्य निकष आहेत आणि ते ठरावीक वर्षांनी सुधारले जातात. सातवी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तंत्र आणि विद्यार्थ्यांच्या गरजा बदलतात, तसे निकषही बदलावे लागतात. आपल्याकडे विद्यापीठाला स्वतःचं अंतर्गत गुणवत्ता केंद्र नेमून हे काम करावं लागतं.

बदललेल्या गोष्टी ज्या तुम्हाला लागतील

- नेहमीच्या कॉलेजातही ऑनलाइन विषय: आधी एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’वरून घेता येत होते. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा ४० टक्के केली. तुमचं कॉलेज हे मान्य करतं का, ते आधी विचारा.
- परीक्षा केंद्रावरच: ‘स्वयम्’वर शिकणं फुकट आहे, पण क्रेडिट हवं तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. त्यातल्या एनपीटीईएलच्या कोर्सला असाइनमेंटचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ टक्के गुण असतात.
- डीईबी आयडी: ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाला प्रवेश घेताना आता विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधी एबीसी आयडी लागतो, तो डिजिलॉकरवरून निघतो.
- काही विषय बंद: इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, शेती यांच्या डिग्री ऑनलाइन मिळत नाहीत. पीएचडीही नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अन्न व पोषण विज्ञान हे विषयही ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून बंद केले आहेत.

म्हणजे ‘ऑनलाइन बीएससी नर्सिंग’ची जाहिरात दिसली, तर फोन करण्याचीही गरज नाही.

एजंटपासून सांभाळा

ॲपवाल्या कंपनीचं सर्टिफिकेट म्हणजे डिग्री नव्हे. विद्यापीठाच्या नावावर दुसऱ्याच कंपनीने डिग्रीचा कोर्स चालवायला आयोगाची परवानगी नाही. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. आणखी एक लक्षात ठेवा, मान्यता नुसती विद्यापीठाला नसते, ती त्या-त्या कोर्सला आणि त्या-त्या सत्रासाठी असते. विद्यापीठ नावाजलेलं असलं तरी तुमचा कोर्स यादीत आहे का, हे वेगळं बघावं लागतं.

फी भरण्याआधी एवढं कराच

१. डीईबीच्या वेबसाइटवर विद्यापीठ, कोर्स आणि सत्र, तिन्ही शोधा.
२. नमुन्याचा एक धडा मागा. चारही पाय आहेत का बघा.
३. धडा तुमच्याच मोबाईलवर, तुमच्याच घरच्या नेटवर्कवर लावून बघा.
४. शंकांना कोण आणि किती दिवसांत उत्तर देतं, ते लेखी विचारा.
५. परीक्षा कुठे आणि कशी होते, ते विचारा. केंद्र लांब असेल तर जाण्यायेण्याचा खर्चही धरा.
६. फी विद्यापीठाच्या अधिकृत वेबसाइटवरूनच भरा आणि पावती जपून ठेवा. कोणाच्या खासगी नंबरवर पैसे पाठवू नका.

घरात पहिल्यांदाच कोणी डिग्री घेत असेल, तर ही चौकशी करताना संकोच करू नका. फी तुम्ही भरताय, प्रश्न विचारायचा हक्क तुमचाच. ज्या कोर्सवाल्याला या सहा गोष्टींची सरळ उत्तरं देता येत नाहीत, त्याच्याकडे पैसे देण्याआधी दहा वेळा विचार करा.