फाइल प्रणाली : मेटाडेटाचे लेखन

संगणकाच्या डिस्कवरील माहितीची फाइलींमध्ये मांडणी करणाऱ्या व तिचा हिशेब ठेवणाऱ्या परिचालन प्रणालीच्या भागास फाइल प्रणाली म्हणतात. फाइलीतील मजकुराखेरीज तिचे नाव, आकारमान, मालक, बदलाची वेळ आणि मजकूर डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांत आहे, ही माहितीही डिस्कवरच लिहिलेली असते. तिला मेटाडेटा म्हणतात. मजकूर शाबूत असला, तरी मेटाडेटा बिघडल्यास फाइल सापडत नाही किंवा तिच्या जागी भलताच मजकूर मिळतो. त्यामुळे मेटाडेटा कोणत्या क्रमाने लिहावयाचा, यास फाइल प्रणालीच्या रचनेत फार महत्त्व आहे.

मजकूर व मेटाडेटा यांतील भेद : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्या वेळी गावे जागची हलली नाहीत. दप्तरांत त्यांचा जिल्हा तेवढा बदलला. एकाच फाइल प्रणालीत फाइल एका निर्देशिकेतून दुसरीत नेताना असेच घडते. मजकुराचे ब्लॉक जागीच राहतात. जुन्या निर्देशिकेतील नोंद काढली जाते व नव्या निर्देशिकेत ती केली जाते. हे काम अर्धवट राहिल्यास फाइल दोन्हींकडे दिसते किंवा कोठेच दिसत नाही.

अडचणीचे स्वरूप : युनिक्स परंपरेतील प्रणालींत नव्या फाइलीसाठी निरनिराळ्या ठिकाणी नोंदी कराव्या लागतात. फाइलीचे वर्णन आयनोडमध्ये, वापरलेली जागा मोकळ्या ब्लॉकांच्या नकाशात आणि नाव निर्देशिकेत लिहावे लागते. डिस्क मात्र एका सेक्टरापुरतेच (५१२ किंवा ४,०९६ बाइट) लेखन अखंडपणे होण्याची हमी देते. शिवाय वेगासाठी लेखन काही काळ स्मृतीत राखून ठेवले जाते व त्याचा क्रमही बदलतो. अशा वेळी वीज गेल्यास नाव आहे पण आयनोड नाही, किंवा एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावे लागला आहे, अशा विसंगती उद्भवतात. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क पावसाळ्यात तुटतो व वीजपुरवठाही खंडित होतो. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. अशा गावांचे ठराव, नकाशे व बांबूविक्रीचे हिशेब संगणकावर असतील, तर अर्धवट राहिलेल्या एका नोंदीमुळेही ते हाती येईनासे होण्याचा धोका असतो.

क्रमबद्ध लेखन व तपासणी : १९८० नंतरच्या दशकातील बर्कली फास्ट फाइल प्रणालीत मेटाडेटा ठरावीक क्रमाने लिहून, तो डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबण्याची पद्धत होती. आयनोड आधी व त्याकडे निर्देश करणारे नाव नंतर, हा तिचा नियम होय. यामुळे उरणाऱ्या विसंगती दुरुस्त होण्याजोग्या असत. परंतु वेग मंदावे. बिघाडानंतर सबंध फाइल प्रणालीचा मेटाडेटा तपासावा लागे व मोठ्या डिस्कवर त्यास काही तासही लागत.

जर्नल पद्धती : या पद्धतीत मेटाडेटातील बदल प्रथम जर्नल या राखीव जागेत लिहितात, शेवटी पूर्णतेची खूण करतात आणि नंतरच मूळ ठिकाणी बदल करतात. महाराष्ट्राच्या महसुली दप्तरातील व्यवस्था हिच्याशी मिळतीजुळती आहे. जमिनीच्या हक्कातील बदल आधी फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) लिहिला जातो. तो प्रमाणित झाल्यावरच सातबाऱ्यावर अंमल होतो. बिघाडानंतर संगणक जर्नल वाचतो, खूण असलेले बदल पुन्हा अंमलात आणतो व खूण नसलेले सोडून देतो. एकच बदल दोनदा अंमलात आला, तरी परिणाम तोच राहतो. तपासणीचा काळ डिस्कच्या नव्हे, तर जर्नलच्या आकारमानावर अवलंबून असतो. फेरफार नोंदवही मात्र कायम जपली जाते, तर जर्नलची जागा अंमलानंतर पुन्हा वापरली जाते. एनटीएफएस (१९९३), एक्सएफएस (१९९४) व लिनक्सवरील ईएक्सटी३ (२००१) या प्रणालींत ही पद्धती आहे. झेडएफएस (२००५) ही प्रणाली वेगळा मार्ग अनुसरते. ती जुन्या ब्लॉकावर न लिहिता नवी प्रत अन्यत्र लिहिते व अखेरीस मुळाशी असलेला निर्देश बदलते.

मर्यादा : बहुतेक प्रणाली नेहमीच्या वापरात जर्नलमध्ये केवळ मेटाडेटा नोंदवितात. त्यामुळे रचना सुसंगत राहिली, तरी नुकताच लिहिलेला मजकूर टिकेलच असे नाही. ईएक्सटी३ च्या नेहमीच्या व्यवस्थेत मजकूर आधी डिस्कवर पाठवून मगच संबंधित मेटाडेटा पक्का करतात. तथापि सुमारे पाच सेकंदांतील काम गमावण्याची शक्यता राहते. महत्त्वाचा मजकूर डिस्कवर उतरविण्याचा स्पष्ट आदेश कार्यक्रमाने द्यावा लागतो. डिस्कच्या अंतर्गत स्मृतीने लेखन पूर्ण झाल्याचे चुकीचे कळविल्यास हा क्रमही निरुपयोगी ठरतो. जर्नलमुळे डिस्कचा यांत्रिक बिघाड वा चुकून पुसलेली फाइल भरून निघत नाही. त्यासाठी वेगळ्या ठिकाणी दुसरी प्रत ठेवणे आवश्यक असते.