पोटखराब्यातील दगड

खाणीतून नुकताच काढलेला जांभ्याचा चिरा साध्या कोयत्याने तासता येतो, आणि तोच चिरा वर्षभर ऊनवारा खाऊन बसला म्हणजे त्याच्यावर घाव घालणाऱ्या लोखंडाचीच धार बोथट होते, ही गोष्ट कोकणात वाढलेल्या माणसाच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की तीत काही नवल आहे असे त्याला वाटतच नाही. हे नवल प्रथम कागदावर उतरविले ते फ्रान्सिस बुकॅनन या कंपनी सरकारच्या नोकरीतील वैद्याने; 1800-01 साली मलबारात हिंडत असता अंगाडीपुरम येथे जमिनीत मऊ असणारा आणि हवेत येताच कठीण होणारा हा दगड लोक विटांसारखा कापून काढताना त्याने पाहिला, आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. मला मात्र खाणीपर्यंत नेले ते जुन्या गोव्यातील बॉम जेझस चर्चने. 1605 साली पूर्ण झालेल्या या वास्तूच्या जांभ्याच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात खरवडून काढण्यात आला. तेव्हापासून त्या भिंती उघड्यावर आहेत, दर पावसाळ्यात झिजत आहेत, आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर जाणत्यांचा वाद चालू आहे. हवेने जो दगड घट्ट होतो तोच पावसाने खचतो कसा, हे कोडे मनात घेऊन मी रत्नागिरीजवळच्या एका सड्यावरील चिरेखाणीत गेलो.

सडा म्हणजे समुद्राकडे उतरत गेलेले, काळपट, वरून ओसाड दिसणारे पठार. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरांवर थर पसरून जो काळा कातळ सह्याद्रीपासून किनाऱ्यापर्यंत निर्माण झाला, त्याच्यावर येथील उष्ण, दमट हवेने आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणाऱ्या पावसाने लक्षावधी वर्षे जे काम केले, त्याचे फलित म्हणजे जांभा. हवेतील आणि मातीतील कर्बवायू शोषून किंचित आम्ल झालेले पाणी कातळाच्या फटींतून झिरपत राहते, त्यातील चुना, सोडा, पोटॅश, मॅग्नेशिया आणि अखेर बरीचशी सिलिकाही विरघळवून ओढ्यांवाटे समुद्राला नेऊन पोचवते, आणि मागे उरतात ती लोहाची व ॲल्युमिनियमची हट्टी संयुगे, जी पाण्याला सहजी वश होत नाहीत. जांभा हा घडविलेला दगड नव्हे, उरलेला दगड आहे.

खाणीत पोचताच प्रथम जाणवला तो वास. डिझेलच्या धुरावर मात करून येणारा, ओल्या मडक्यातून यावा तसा तो गार, मातकट दर्प ताज्या छेदातून उठत होता आणि यंत्र थांबले की दाट होत होता. यंत्राचे काम सांगण्यासारखे थोडेच आहे: रुळांवरून सरकणारे गोल पाते आधी उभे, मग आडवे चर पाडते, शेवटी तळाशी छेद देऊन ओळीच्या ओळी मोकळ्या करते, आणि पहारीने उचकटलेले चिरे माणसे डोक्या-खांद्यावरून रचाईपर्यंत नेतात. एकेक चिरा साधारण 14 इंच लांब, 9 इंच रुंद आणि 7 इंच उंच, म्हणजे पाव क्विंटलाहून जड. तो वाहणारी बरीचशी माणसे घाटापलीकडची, विजापूर-बागलकोटकडून कुटुंबकबिल्यासह आलेली. आपसांत कानडी, मुकादमाशी मोडकी मराठी. त्यांच्या पापण्यांवर तांबडी धूळ इतकी बसलेली असते की माणसाचे वय ओळखू येत नाही. हे काम त्यांनी हौसेने पत्करलेले नाही, आणि खाणीविरुद्ध लिहिताना मी त्यांच्याविरुद्ध लिहीत नाही.

माझे लक्ष पुनःपुन्हा ज्याच्याकडे जाई तो मात्र गावातलाच एक म्हातारा होता. तरुणपणी त्याने टिकावाने हाती चिरे काढले होते. आता अंगात ते बळ नाही म्हणून मालकाने त्याला रचाईवर मोजणीला बसविले होते. प्रत्येक चिऱ्याजवळ वाकून तो बोटांची पेरे त्यावर आपटी, कान देई, आणि नाद बद्द आला तर चिरा बाजूला सारी. ट्रकात किती जातात म्हणून विचारले, तर म्हणाला, “एका ब्रासला दोनशे धरायचे साहेब. फुटके वेगळे.” ब्रास म्हणजे शंभर घनफूट, मी कागदावर गणित केले, ते दोनशेच्या अगदी जवळ आले. पुढे तासाभरात हा आकडा त्याच्या तोंडून कितीदा तरी निघाला. ड्रायव्हरला दोनशे, मुकादमाला दोनशे, वहीत दोनशे.

बद्द वाजणाऱ्या एका चिऱ्याचे कारण मी विचारले, तेव्हा त्याने तो फोडून दाखविला, आणि चर्चचे कोडे सुटले. आत लोहाची तांबडी-काळी जाळी मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे पसरली होती, आणि तिच्या घरांतून पिवळट, पांढुरकी, बोटाने निघणारी माती भरली होती. हवा लागली की जाळीतले लोह वाळून स्फटिकरूप धरते आणि दगड कठीण होतो. परंतु घरांतली माती मातीच राहते, आणि उघड्या भिंतीवर पाऊस मारू लागला की आधी ती धुऊन निघते, मग आधार सुटलेली जाळीही कण कण ढासळते. चुन्याचा गिलावा हा अलंकार नव्हता, ती छत्री होती. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते; सौंदर्यदृष्टीने दगड उघडा करणाऱ्यांना ते ठाऊक असते तर बरे झाले असते.

यंत्र थांबल्यावर म्हाताऱ्याने मला खाणीच्या उभ्या कडेशी नेले. वर हातभर काळी, भाजल्यासारखी साल. तिच्याखाली छिद्राछिद्रांचा तांबडा जांभा, म्हणजे चिऱ्याचा थर. त्याखाली जांभळट-पांढरी, चिकट माती. दोन थरांच्या सांध्यावर भर चैत्रात ओलीची एक रेघ होती. तिच्यावर तळहात टेकून तो म्हणाला, “इथपर्यंत चिरा. ह्याच्याखाली गेलं की आमची विहीर.” सच्छिद्र जांभ्यातून उतरणारे पावसाचे पाणी या मातीशी अडते आणि आडवे सरकत सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते, खालच्या वाड्यांच्या विहिरी त्याच्यावर जगतात. चिऱ्याचा थर काढून घेणे म्हणजे साठवणीची टाकीच फोडून विकणे होय.

असे असूनही अशा कातळाची सातबाऱ्यावर नोंद पोटखराबा अशी होते, कारण महसूल खात्याच्या दृष्टीने जी जमीन पिकत नाही ती खराब. याच खराब्यावर पावसाळ्यात सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे फुलतात. याच खराब्यावर कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे येथे प्राचीन माणसाने कातळशिल्पे खोदली. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांबीचा आहे, आणि 2022 साली कोकणातील या शिल्पांची नोंद युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाली. त्या माणसानेही जांभ्याची सालच खरवडली होती, हे खरे. पण बोट-दोन बोटे, आणि पाण्याची वाट न मोडता.

आज या दगडाचा हिशेब ब्रासावर होतो. दोनशे चिरे गेले की एका ब्रासाचे स्वामित्वधन सरकारजमा होते, पावती फाटते, आणि दप्तर पुरे होते. ते दोनशे चिरे जेथे होते तेथे पावसाचे किती पाणी मुरत असे, याला दप्तरात रकाना नाही. काम संपलेल्या खाणी मी वाटेत पाहिल्या. एकीत हिरवट पाणी साचले होते आणि कुंपणाचा पत्ता नव्हता. दुसरीत गावाचा कचरा.

चिरेखाणी सरसकट बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही. कोकणातील माझे स्वतःचे घर जांभ्याचे आहे. परंतु परवाना देण्यापूर्वी खालच्या वाडीतील विहिरींची वैशाखातील पाण्याची पातळी मोजून ती परवान्याच्याच कागदावर नोंदवावी, ओलीच्या रेघेच्या वर दोन पुरुष थर राखल्याशिवाय खोदाई होऊ देऊ नये, आणि ती रेघ कोठे आहे हे ठरविताना त्या गावातील एखाद्या जुन्या चिरेकाढ्याची साक्ष तलाठ्याने घ्यावी, एवढी मागणी ग्रामसभांनी ठराव करून तहसीलदारांकडे लावून धरली पाहिजे.