गाडीतले कप्पे : काय ठेवावे, काय ठेवू नये?

मे महिन्यातील गोष्ट. एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. मधुमेह जुना, पण पथ्य कडक, फिरणे नियमित आणि इन्सुलिनची वेळ कधी न चुकणारी. असे असूनही त्या दिवशी त्यांची रक्तशर्करा साडेतीनशेच्या पुढे गेलेली. घरात मुलाचे लग्न निघाले होते. म्हटले, लाडू-बुंदीवर हात मारला असेल. गुरुजींनी शपथेवर नकार दिला. शेवटी सहज विचारले, "गुरुजी, इन्सुलिन ठेवता कुठे?"

"गाडीत, डॉक्टरसाहेब. समोरच्या कप्प्यात. पंधरा दिवस पत्रिका वाटत गावोगाव हिंडतोय. कुठेही गेलो तरी सोबत असावे म्हणून."

उत्तर सापडले. इन्सुलिन वेळेवर टोचले जात होते, पण त्यातला दम केव्हाच निघून गेला होता. नवे इन्सुलिन सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत साखर ताळ्यावर आली.

त्याच आठवड्यात एक बाई डोक्याला जखम घेऊन आल्या. त्यांची गाडी पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडकली होती. गाडीचा वेग फार नव्हता, पुढे बसलेल्यांनी पट्टे लावलेले होते, त्यांना खरचटलेही नाही. मागे बसलेल्या या बाईंना मात्र पाठीमागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेला चहाचा स्टीलचा थर्मास लागला. चार टाके पडले. "बाहेरचे काही लागले नाही हो, घरचाच थर्मास लागला," असे त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरे होते.

वाचकहो, आज खेड्यापाड्यांतही चारचाकी दारात आली आहे. गाडीत कप्पे भरपूर असतात. डॅशबोर्डमधला झाकणाचा कप्पा, दारातले कप्पे, दोन सीटांच्या मधला कप्पा, सीटच्या पाठीमागचे खिसे, मागची फळी. रिकामी जागा दिसली की ती भरायची ही आपली जुनी सवय. पण घरातले कपाट एका जागी उभे असते आणि गाडीतला कप्पा धावत असतो, उन्हात तापत असतो. म्हणून गाडीत एखादी वस्तू ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. गाडीला धक्का बसला तर ही वस्तू कुठे जाईल? गाडी उन्हात उभी राहिली तर या वस्तूचे काय होईल?

धक्का : वस्तूही गाडीच्याच वेगाने धावते

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली असेल तर आपण, आपली पाण्याची बाटली, मागच्या फळीवरचा नारळ, सारे त्याच वेगाने चाललेले असतात. गाडी धडकून एकदम थांबते, पण सुटी वस्तू थांबत नाही. ती वाटेत काहीतरी आडवे येईपर्यंत त्याच वेगाने पुढे जाते, आणि आडवे येते ते बहुधा कोणाचे तरी डोके, मान किंवा पाठ.

हा मार किती असतो? साधा हिशेब करून पाहू. ताशी ५० किलोमीटर हा वेग म्हणजे एखादी वस्तू सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडताना जमिनीशी पोहोचते तो वेग. म्हणजे एक लिटर पाण्याने भरलेली बाटली तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून डोक्यावर सोडावी, तसा तो मार. वेग दुप्पट झाला तर माराचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. देवदर्शनाहून परतताना मागे ठेवलेला प्रसादाचा नारळ, जेवणाचा स्टीलचा डबा, चाके बदलण्याचा पाना, कडक पुठ्ठ्याची जाड पुस्तके, यांपैकी कोणतीही वस्तू या हिशेबातून सुटत नाही.

म्हणून मागच्या काचेखालची फळी मोकळीच असू द्यावी. ती वस्तू ठेवण्यासाठी नाहीच असे समजावे. फार तर एखादा हलका टॉवेल. छत्री, थर्मास, स्पीकरचा सुटा डबा, खेळणी यांची जागा तिथे नाही. शिवाय मागचे दिसणे बंद होते ते वेगळेच.

जड सामान नेहमी डिकीत, तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून ठेवावे. आंब्याची पेटी किंवा धान्याचे पोते डिकीत मावत नसेल आणि मागच्या सीटवर ठेवावेच लागले, तर त्यावरून सीटचा पट्टा आवळून लावावा. पेटी खाली, पायांच्या जागेत पुढच्या सीटला टेकवून ठेवणे त्याहून बरे.

आणि हो, पट्टा न लावलेला माणूस हीसुद्धा गाडीतली एक सुटी वस्तूच असते. मागे बसलेला पन्नास-साठ किलोचा माणूस पुढच्यावर आदळला तर दोघांच्याही जिवावर बेतते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी अशा मागे बसलेल्या दोघांचा मृत्यू झाला. त्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. मागच्या सीटवरही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे, हे अनेकांना त्यानंतरच कळले.

झाकण असेल तर ते लावा

डॅशबोर्डमधल्या कप्प्याला झाकण दिलेले असते ते धूळ बसू नये एवढ्यासाठीच नव्हे. धडकेच्या वेळी शेजारी बसलेल्याचे गुडघे पुढे जातात. झाकण उघडे असेल तर त्याची कड गुडघ्यात किंवा नडगीत घुसू शकते, आणि आतले सामान बाहेर उडते. अमेरिकेत १९६८ सालापासून लागू झालेल्या नियमांत, धडक बसली तरी अशा कप्प्यांची झाकणे आपोआप उघडता कामा नयेत, अशी अट घातलेली आहे. आपण मात्र कप्पा इतका ठासून भरतो की झाकण लागतच नाही. मग रबर बांधून काम भागवतो. कप्पा झाकण सहज लागेल एवढाच भरावा आणि खटका बिघडला असेल तर दुरुस्त करून घ्यावा.

या कप्प्यात कागदपत्रे, गाडीची पुस्तिका, लहान टॉर्च, रुमाल अशा हलक्या वस्तू असाव्यात. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, कात्री सुटी ठेवू नये. फळे कापायला सुरी लागतेच असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी ती म्यानात घालून जेवणाच्या पिशवीत, म्हणजे डिकीत ठेवावी.

डॅशबोर्डवरची वस्तू आणि एअरबॅग

नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटांसमोर एअरबॅग असते. एअरबॅग हे कापडी फुग्यासारखे साधन धडक बसताच डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. इतक्या वेगाने उघडणाऱ्या फुग्यावर काही ठेवलेले असेल तर ती वस्तू गोफणीतल्या दगडासारखी समोरच्या माणसाच्या तोंडावर येते.

डॅशबोर्डवर देवाची मूर्ती ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. श्रद्धेला हात लावण्याचा येथे हेतू नाही. मूर्ती लहान, हलकी व बिनटोकाची असावी, पक्की चिकटवलेली असावी आणि एअरबॅगच्या झाकणापासून दूर असावी, एवढेच सांगणे आहे. एअरबॅगची जागा गाडीवर लिहिलेली असते. अत्तराची काचेची बाटली, मोबाइल अडकवायचा स्टँड यांनाही हाच नियम. दारांवरच्या बाजूला पडद्यासारखी एअरबॅग असेल तर तेथील हुकाला हँगरसकट कोट किंवा साडी टांगू नये. कपडा नुसता टांगला तर चालेल, हँगर नको.

चालकाच्या पायाशी काहीही नको

सर्वात मोठा धोका दिसायला सर्वात साधा आहे. दाराच्या कप्प्यात नीट न बसवलेली किंवा सीटखाली टाकलेली पाण्याची बाटली उतारावर घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या पट्टीखाली अडकते. चालक ब्रेक दाबतो, पण पट्टी खाली जातच नाही. अशा वेळी सावरायला क्षणभरसुद्धा मिळत नाही. म्हणून चालकाच्या सीटखाली बाटली, चप्पल, फळे, टॉर्च, काहीही ठेवू नये. पायाखालची चटईही जागेवर अडकवलेली हवी. एकावर एक दोन चटया घालू नयेत.

बाटली, मोबाइल, टोलसाठीचे सुटे पैसे हे दोन सीटांमधल्या खोलगट कप्प्यात नीट बसतील असे ठेवावे. मोबाइल खाली पडला तर तो उचलायला वाकू नये. ताशी ६० किलोमीटर वेगात नजर दोन सेकंद खाली गेली तर गाडी तेवढ्यात ३३ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एखाद्या लहान शाळेचे अंगण आपण डोळे मिटून ओलांडले! गाडी कडेला थांबवून मगच हवी ती वस्तू शोधावी.

ऊन : कप्पा म्हणजे तापलेली पेटी

आता दुसरा प्रश्न. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. बंद काचांच्या गाडीत ऊन आत शिरते आणि उष्णता आतच कोंडते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कडक उन्हाळ्यात उभ्या केलेल्या गाड्यांची मोजणी केली गेली. उन्हात एक तास उभ्या असलेल्या गाडीच्या आतली हवा सरासरी ४७ अंश, स्टिअरिंग ५३ अंश, तर डॅशबोर्ड ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापला होता. सावलीतल्या गाडीतही डॅशबोर्ड ४८ अंशांवर गेला होता. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, हेही अशाच एका जुन्या पाहणीत दिसून आले आहे. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मूल, म्हातारे माणूस किंवा मुके जनावर बंद गाडीत पाच मिनिटेसुद्धा ठेवू नये. आणि गाडीचा कप्पा हा औषधांचा कप्पा नव्हे.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत पाकिटावर पाहावी. तापलेले इन्सुलिन निकामी झाले तरी पुष्कळदा दिसायला पूर्वीसारखेच असते. गुरुजींची फसगत झाली ती यामुळेच. हृदयविकाराच्या रुग्णांची जिभेखाली ठेवायची गोळीही उष्णतेने कमजोर होऊ शकते, आणि ती लागते ती नेमकी जिवाच्या आकांताच्या वेळी. दम्याचा पंप हा दाबाखाली भरलेला डबा असतो. ५० अंशांच्या वर तो ठेवू नये, अशी त्यावर सूचना असते.

मग प्रवासात औषधे ठेवायची कुठे? आपल्या हातपिशवीत किंवा खिशात. गाडीतून उतरताना औषध आपल्याबरोबर उतरले पाहिजे. इन्सुलिनसाठी रुंद तोंडाच्या लहान थर्मासमध्ये तळाशी कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवून, त्यावर कापडाची घडी आणि मग इन्सुलिन ठेवावे. बर्फाचा थेट स्पर्श होता कामा नये, कारण गोठलेले इन्सुलिनही वायाच जाते. हा थर्मास मात्र मागच्या फळीवर नको!

सुगंधी फवाऱ्याचा डबा, सिगारेटचा लायटर, मोबाइलची जादा बॅटरी, हातावर चोळायचे अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर, या वस्तू तापलेल्या गाडीत सोडून जाऊ नयेत. डबा फुटणे किंवा आग लागणे यांचा धोका असतो. दारातल्या कप्प्यात गोळ्या, नाणी, सुपारीचे तुकडे ठेवण्याचीही सवय सोडावी. लहान मुलाच्या हाताला सर्वात आधी तोच कप्पा लागतो.

गाडीत अवश्य काय असावे?

झाकण घट्ट लागणारी प्रथमोपचाराची पेटी असावी. तीत निर्जंतुक पट्ट्या, कापूस, चिकटपट्टी व बोथट टोकाची कात्री ठेवावी. जलसंजीवनीची पाकिटे असावीत. एका जाड कागदावर घरातील प्रत्येकाचा रक्तगट, चालू असलेली औषधे, कशाची ॲलर्जी आहे ते आणि जवळच्या नातेवाइकाचा दूरध्वनी लिहून तो कागद समोरच्या कप्प्यात सर्वात वर ठेवावा. अपघातात मदतीला धावणाऱ्या परक्या माणसाला तो फार उपयोगी पडतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक त्याच कागदावर ठळक लिहावेत.

येत्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढा. अंगणात जुने वर्तमानपत्र पसरा आणि गाडीतला प्रत्येक कप्पा, खिसा, सीटखालची जागा त्यावर रिकामी करा. जड वस्तू डिकीत, औषधे घरात, हलक्या वस्तू झाकणाच्या कप्प्यात अशी वाटणी करा. जे काय आहे तेच ओळखता येत नाही ते केरात. शेवटी चालकाच्या पायाखालची जागा हाताने चाचपून पाहा.

गुरुजींनी लग्नानंतर हे काम मुलाकडून करून घेतले. सीटखालून दोन रिकाम्या बाटल्या, एक पाना आणि नातीची हरवलेली एक चप्पल निघाली. उरलेल्या लग्नपत्रिका तेवढ्या त्यांनी समोरच्या कप्प्यात परत ठेवल्या. उन्हाने त्यांचे काही बिघडणार नव्हते.