गवत्याचं पान, गवत्याचं रान

ठाण्याच्या नौपाड्यात साप निघाला की वॉचमनपासून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींपर्यंत सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं: नाग! मग कुणीतरी सर्पमित्राला फोन लावतं, तो येतो आणि बहुतेक वेळा पिशवीत जाते ती बिचारी धामण, नाहीतर कवड्या. तलावपाळीच्या बाजूला असेल तर पाणदिवड. मीटरची खोली, पाडलेल्या चाळीचा ढिगारा, गटाराची झाकणं अशा जागांना हे साप सरावले आहेत, कारण त्यांचं जेवण तिथेच आहे. धामणीला उंदीर, कवड्याला पाली, पाणदिवडीला मासे आणि बेडूक.

गवत्या मात्र गोखले रोडच्या आसपास निघाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि गंमत अशी, की त्याचं जेवण नौपाड्यात मुबलक आहे. पहिला पाऊस झाला की घंटाळीच्या बाजूच्या गल्ल्यांत दिव्याखाली ते येऊन बसतं: खरबरीत कातडीचं, अंगभर चामखिळी, डोळ्यांमागे फुगलेल्या दोन उशा, लांब उडी न मारता टुणूक टुणूक सरकणारं ध्यान. आपण त्यालाही सरसकट बेडूकच म्हणतो. पुस्तकांत त्याला भेक म्हणतात. दिव्यावरून गळून पडणारे किडे आणि वाळवीचे पंखवाले उडते जीव तो एकेक करून गट्टम करतो. म्हणजे पान मांडलेलं आहे आणि पाहुणा येत नाही. तो का येत नाही, हे समजायला आधी त्याची ओळख हवी.

गवत्या हा पाणदिवड-नानेटीच्या गोतावळ्यातला साप. दीड-दोन फुटांचा, क्वचित तीन फुटांपर्यंत जाणारा, अंगाने चांगला जाडजूड. पाठ ओल्या गवतासारखी हिरवीगार, पोट पांढरट. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध एक बारीक उभी कड असते, त्यामुळे अंगाला तकाकी नसते. जवळून पाहिलं तर मखमलीच्या उलट्या बाजूसारखा तो दिसतो. डोकं आखूड, बोथट, बाहुली गोल. पिल्लांचा थाट वेगळाच. मानेवर डोक्याकडे टोक असलेला ठसठशीत काळा बाण, त्याला लागून पिवळा-नारिंगी रंग, पुढे अंगावर काळे आडवे पट्टे आणि डोळ्यापासून ओठाकडे उतरलेली काळी रेघ. वय वाढेल तसा हा साजशृंगार पुसट होत जातो.

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर तो पावसाळ्यात हमखास भेटतो. माथेरान, लोणावळा, महाबळेश्वर, आंबोली या ठिकाणी पावसात भटकणाऱ्यांना तो ठाऊक असतो आणि आपल्याला जवळचं म्हणजे येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याच्या अंगाचा हा डोंगर. तिथे रस्त्याकडेच्या गवतात तो दिसला, की दुचाकीवरून खाली उतरलेल्या दहा जणांतले आठ जण त्याला चापडा ठरवतात. चापडा विषारी आहे हे खरं, तोही हिरवा आहे हेही खरं. पण त्याचं डोकं पानाच्या आकाराचं, रुंद त्रिकोणी, मान एकदम बारीक, बाहुली मांजरासारखी उभी, आणि बैठक बांबूच्या बेटात नाहीतर झुडपाच्या फांदीवर. उरलेले दोघे त्याला हरणटोळ म्हणतात. हरणटोळ वेलीसारखा सडपातळ, नाकाडं टोकदार, आणि तोही झाडावरचा. तो माणसाची टाळू फोडतो ही आपल्याकडची जुनी वावडी. तिच्यापायी किती हिरवे साप उगाच मेले याची गणती नाही. गवत्या जमिनीवरचा. हिरवा आणि जमिनीवर गवतात, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा घोटाळा टळतो.

उरलेला निम्मा घोटाळा तो स्वतःच करून ठेवतो. डिवचलं की पुढचं अंग उचलतो आणि मान अशी काही चपटी, रुंद करतो की फणा काढल्याचा भास व्हावा. पिल्लाच्या मानेवर तर नक्षीही असते. लोक म्हणतात, हिरवा नाग. एवढा आव आणून तो चावत मात्र सहसा नाही.

आता पान. गवत्याच्या जेवणात मुख्य पदार्थ भेक. लहानपणी बारके बेडूक आणि शेपूट गळून नुकती पाण्याबाहेर आलेली भेकाची पिल्लं, मोठेपणी जाणते भेक. एकाच प्रकारच्या भक्ष्यावर इतकं विसंबून राहणारे साप आपल्याकडे थोडेच. त्यातून निवडलेलं भक्ष्य असं, की कुत्र्याने तोंडात धरलं तर त्याला फेस येतो. त्या डोळ्यांमागच्या उशा म्हणजे विषाच्या पिशव्या. त्यातल्या दुधाळ चिकात बुफाडायनोलाइड नावाची रसायनं असतात, आणि ती थेट हृदयावर घाव घालतात. स्नायूंच्या पेशींत सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण करणारा एक सूक्ष्म पंप असतो. ही रसायनं तो पंपच बंद पाडतात. आपल्या कुंपणाला लावलेल्या कण्हेरीचं विषही नेमकं ह्याच पंपावर चालतं.

मग गवत्या कसा जगतो? भेक खाणाऱ्या सापांमध्ये त्या पंपाच्या प्रथिनातच बारीकसा बदल झालेला असतो, त्यामुळे विषाला तिथे पकड मिळत नाही. हा बदल नसेल तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियाने पाहिलं आहे. तिथे मुळात भेक नव्हतेच. उसातल्या भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करायला म्हणून १९३५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये हवाईहून मोठे भेक आणून सोडले. भुंगेरे राहिले बाजूला, भेक मात्र बेसुमार वाढले, आणि त्यांना बेडूक समजून तोंड घालणारे तिथले काळे साप, मोठे सरडे पटापट मेले.

येऊरला एकदा पावसाच्या उघडीपीत गवत्याने भेक धरलेला मी पाहिला. त्याने मागचा पाय पकडला होता. भेकाने अंगात हवा भरून स्वतःचा पार फुगा करून घेतला. हा त्याचा शेवटचा डाव. गवत्याच्या वरच्या जबड्यात मागच्या टोकाला दोन दात बाकीच्यांपेक्षा बरेच मोठे असतात. जबडा एका बाजूने थोडा पुढे, मग दुसऱ्या बाजूने थोडा पुढे, असं करत तो मांडीपर्यंत आला. भेकाच्या पाठीवर पांढरा चीक उमटला, सापाच्या ओठांना लागला. साप थबकलासुद्धा नाही. रस्त्यावरून रिक्षा गेली, तरी त्याने घास सोडला नाही.

तो चीक पोटात जाऊन पुढे कुठे जातो, ही या विषयातली सगळ्यांत सुरस गोष्ट. थिओडोर कँटर या डॅनिश डॉक्टरने १८३९ मध्ये गवत्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे बराच काळ तो मॅक्रोपिस्थोडॉन या प्रजातीत होता. अलीकडे जनुकांची तपासणी झाल्यावर त्याला ऱ्हॅब्डोफिस प्रजातीत नेऊन बसवलं, आणि जपानचा यामाकागाशी हा साप त्याचा सख्ख्यातला निघाला. या मंडळींच्या मानेवर कातडीखाली ग्रंथींच्या जोड्या असतात. माल्कम स्मिथ या सर्पतज्ज्ञाने १९३८ मध्ये अशा ग्रंथींवर लिहिलं, त्यात आपला गवत्याही होता. ग्रंथींना बाहेर उघडणारी नळी नसते. कुणी मान चावली, दाबली, की कातडी फाटते आणि आतला द्रव हल्लेखोराच्या तोंडात उडतो.

या द्रवातलं विष साप स्वतः बनवत नाही, ते भेकांकडून उसनं घेतो, हे यामाकागाशीवरच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. जपानच्या किंकासान बेटावर भेक नाहीत. तिथल्या सापांच्या ग्रंथींत हे विष सापडलं नाही. इशिमा बेटावर भेक भरपूर. तिथले साप विषाने भरलेले. प्रयोगशाळेत भेक खाऊ घातले की ग्रंथी भरतात. स्वभावातही फरक: भेक नसलेल्या बेटावरची पिल्लं धोका दिसला की पळ काढतात, भेकवाल्या बेटावरची मान वाकवून, ग्रंथी पुढे करून ठाम उभी राहतात. आई आपलं विष अंड्यांतून पिल्लांना देते, आणि २०१५ मधल्या एका अभ्यासात तर असं दिसलं की पोटात अंडी असलेल्या माद्या मुद्दाम भेकांच्या जागा शोधत जातात. डोहाळे म्हणजे डोहाळे! चीनमधल्या ह्याच प्रजातीतल्या काही सापांनी बेडूक सोडून गांडुळं खायला सुरुवात केली. त्यांच्या ग्रंथींत तरीही हे विष होतं. ते कुठून आलं, याचा उलगडा २०२० मध्ये झाला: ते काजव्यांच्या अळ्या खातात, आणि त्या अळ्यांत तसंच रसायन असतं.

एक इशारा इथेच देऊन टाकतो. गवत्याची गणना आपल्याकडे बिनविषारी सापांत होते, पण यामाकागाशीच्या चाव्याने जपानमध्ये माणसं दगावली आहेत. तेव्हा गवत्या गरीब आहे म्हणून त्याला गळ्यात घालून फोटो काढण्याचं काही कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यालाही ते मान्य नाही.

पान नौपाड्यात आहे आणि पाहुणा येत नाही, याचं उत्तर रानात आहे. भेक कुठेही भागवून घेतो; गटाराचं तोंड, कुंडीची खालची बाजू, जिन्याखालचा कोपरा त्याला पुरतो. गवत्याला मात्र अंगावर गवत लागतं. गुडघाभर, दाट, बुडाशी ओल धरून ठेवणारं. त्याचा रंग हेच त्याचं घर. फरशीवर किंवा डांबरावर तो उघडा पडतो. येऊरवर घिरट्या घालणारा तुरेवाला सर्पगरुड, खाली मुंगूस, मोर, सगळ्यांची नजर त्याच्यावर. बिळं, दगडांच्या सांदी, गवताचे बुडखे यांत तो उन्हाळा काढतो.

असं रान ठाण्यात एके काळी सरकारी दप्तरातच नोंदलेलं होतं. भातखाचरांच्या वरच्या अंगाची ती वरकस जमीन. तिच्यावर नाचणी, वरी व्हायची, राबासाठी पालापाचोळा मिळायचा, आणि मुख्य म्हणजे गवत. मुंबईतले तबेले ह्या गवतावर चालायचे. दिवाळीच्या आगेमागे विळे फिरायचे, पेंढ्या बांधल्या जायच्या, गंजी रचल्या जायच्या. विळ्याने कापलेल्या गवताचा बुडखा राहतो, जमीन झाकलेली राहते, आणि पुढच्या पावसात पवन्या, मारवेल, कुसळी पुन्हा तरारून येतात. सापाचं भलं व्हावं म्हणून कुणी हे केलं नाही. पण गवताला भाव होता तोवर गवत्यालाही छप्पर होतं, असं माझं मत आहे.

भाव गेला आणि जमिनीचं नाव बदललं: पडीक. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळही त्याच रकान्यात बसतो. पडीक म्हटलं की त्यावर इमारत उभी करा, नाहीतर वृक्षारोपण करा. दोन्हींचं पुण्य सारखंच. घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत जे टॉवर उभे आहेत, त्यांच्याखाली बरीचशी अशीच जमीन गेली. डोंबिवलीकरांकडे भोपरची टेकडी आहे, कल्याणकरांकडे मलंगगडाचा पायथा. तिथल्या माळावर सकाळी दुर्बिणी घेऊन पक्षी पाहणारे येतात. पायाखाली पाहणारे कमी.

त्यातून उरलेल्या गवताला माघ-फाल्गुनात वणवा. कुणी चांगला चारा यावा म्हणून लावतं, कुणी विडी टाकतं, कुणी मजा म्हणून. वनखातं दरवर्षी जाळरेषा काढतं, तरी येऊर-मलंगगडाचे उतार काळे व्हायचे थांबत नाहीत. मोठी जनावरं पळतात, साप बिळात गेला तर वाचतो. पण वाचला तरी पावसापर्यंत त्याच्या डोक्यावर एक काडीही नसते.

आता घोडबंदरच्या काही संकुलांत एक नवाच प्रकार दिसतो. डोंगराला चिकटलेल्या सोसायट्यांच्या हिरवळीवर दिवे आहेत, म्हणून किडे आहेत, किडे म्हणून भेक आहेत, आणि कुंपणापलीकडे गवत असल्यामुळे पावसाळ्यात गवत्याही आत येतो. मग पकडापकडी. सापडलेला साप येऊरच्या जंगलात खोलवर नेऊन सोडला की रहिवाशांना बरं वाटतं. पण त्याची ओळखीची बिळं, ओळखीची ओल तीनशे मीटरवर कुंपणापलीकडेच होती. वनखात्याला कळवून त्याला सापडल्या जागेच्या जवळच्या गवतात सोडणंच शहाणपणाचं. खरा धोका मात्र पकडण्यात नसून ग्रास कटरमध्ये आहे. नायलॉनची ती गरगरणारी दोरी हिरव्या गवतातला हिरवा साप पाहत नाही. यंत्र सुरू करण्याआधी माळीकाकांनी एका टोकाकडून काठीने गवत झोडपत कुंपणाच्या दिशेने जायचं, एवढंच करायचं असतं. जमिनीचा हादरा लागताच गवत्या आपल्या पायाने, म्हणजे पोटाने, बाहेर सरकतो. कटर जमिनीपासून चार बोटं वर धरला तर भेकही वाचतात.