पुठ्ठ्याच्या खोक्यातली गाठ

पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यात ज्याची पंचवीस वर्षे गेली, त्याने सोलापूरच्या भर उन्हाळ्यात, दुपारची ओपीडी आटोपल्यावर, चादरीच्या दुकानातून मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासमोर बसून लांब चिमट्यांनी वाटाणे उचलावेत, हे दृश्य घरच्यांना विनोदी वाटले तर त्यात त्यांची कसूर नाही. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि आपल्याकडे या विद्येचा अंमल सुरू झाला. माझे पाटीपूजन मात्र फार उशिरा झाले.

झाकणाला दोन भोके, आत दिवा, वर मोबाइल, एवढ्यावर शाळा भरते. हत्यार भोकाच्या काठावर तोलले जात असल्यामुळे मूठ डावीकडे नेली की टोक उजवीकडे जाते, आणि सपाट पडदा खोलीचा थांग लागू देत नाही. डोळे आणि हात यांची ही रीतसर फारकतच म्हणायची. वाटाणे आठवडाभरात वश झाले, हातमोज्यावर आखलेले वर्तुळ रेषेवरून कापणेही यथावकाश जमले. घोडे अडले ते गाठीपाशी.

सुई पलीकडे काढून दोरा कमानीसारखा पसरावा, त्यावर चिमटा आडवा धरून दोन वेढे घ्यावेत आणि त्याच चिमट्याने दोऱ्याचे आखूड शेपूट पकडून ओढावे, हे सांगायला सोपे. परंतु शेपटापर्यंत पोचेतो माझे वेढे घरंगळून जात. सरावाने सारे साध्य होते या भाबड्या भरवशावर महिनाभर मी चूकच घोटीत होतो.

एके दिवशी टाके दाखवायला आलेले शहराच्या पूर्व भागातले एक वृद्ध विणकर खोक्याशी थबकले. म्हणाले, “ओ डॉक्टर, दोरा एवढा लांब कशाला ओ? तुटलेलं सूत जोडताना आम्ही बोटभर पण घेत नव्हतो की.”

दोरा 15 सेंटीमीटरांवर आणला, शेपूट दोनच सेंटीमीटर ठेवले. दुसरी फेरी पहिलीच्या उलट दिशेने घेतली, कारण एकाच दिशेची गाठ सरकते. परवा तिन्ही फेऱ्या चार मिनिटांत पडल्या. रुग्णाच्या पोटात ते टाके अद्याप माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान सहकारी घालतो, आणि मी कॅमेरा धरतो.