गव्हाणीतला नाताळ

डिसेंबर अखेरीस तालुक्याच्या बाजारात गेलात, तर दुकानांतून चमचमते तारे, प्लास्टिकची झाडे आणि लाल डगल्यातला, पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज दिसतो. नाताळ म्हणजे एवढेच, अशी मुलांची समजूत होऊन बसली आहे. पण मूळ कथेत डगलेवाला नाही आणि सजवलेले झाडही नाही. तिथे आहे ती आपल्या रोजच्या ओळखीची वस्तू, जनावरांची गव्हाण.

ही हकिगत बायबलात मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आहे. रोमन बादशहाने नावनोंदणीचा हुकूम काढला, म्हणून योसेफ गरोदर मरियेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला आला. उतरायला जागा मिळाली नाही. मूल झाले, ते बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच मुळी ‘भाकरीचे घर’ असा सांगतात. भोवती जवाची शेते; रूथ नावाच्या गरीब विधवेने याच शिवारात सरवा वेचल्याची जुनी कथा आहे.

जन्माची बातमी प्रथम कोणाला कळली? रात्री रानात मेंढरे राखणाऱ्या मेंढपाळांना. आपल्या शेतात मेंढरे बसवायला येणारे धनगर आठवा, म्हणजे ती रात्र डोळ्यांपुढे उभी राहील.

बाकीच्या गोष्टी मागाहून आल्या. शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही. रोममध्ये २५ डिसेंबर धरल्याची जुन्यात जुनी नोंद इ. स. ३३६ ची आहे. पूर्वेचे ज्ञानी पुरुष तीन होते, असेही मत्तय म्हणत नाही. भेटवस्तू मात्र तीन होत्या. सजवलेले झाड जर्मनीतले. १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या घरच्या झाडाचे चित्र छापून आले आणि इंग्लंडात ती चाल पसरली. सांताक्लॉजच्या मागे चौथ्या शतकातला मायरा येथील बिशप निकोलस आहे. त्याला आजचे रूप मिळाले ते एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत.

मात्र नंतर आलेले सगळेच वावगे नव्हे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी गवताने भरलेली गव्हाण मांडली, बैल आणि गाढव उभे केले. गरिबाघरचा तो जन्म लोकांना डोळ्यांनी दिसावा, हा हेतू. आपल्याकडे वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती घरांतून नाताळात गोठा मांडतात, तो याच परंपरेतला. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांचा, अर्थ ‘जन्म’.

दुकानातल्या नाताळात राहून गेली ती जागा न मिळालेली बाळंतीण. ती आपल्याला परकी नाही. डिसेंबरात ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. फडाच्या कडेला कोप्या पडतात, थंडी असते, आणि त्यांत एखादी दिवस भरलेली बाईही असते. माझ्या नोकरीत फडावर गेलो, की उसाच्या वजनाची आणि उताऱ्याची चौकशी मी नेमाने केली. कोपीत कोण आहे, हे क्वचितच विचारले. आज त्याची खंत वाटते.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा फडावर टोळी आली, की एवढे करा. दिवस भरलेली कोणी आहे का, ते घरातल्या बाईमाणसाने जाऊन विचारावे. आशाताईंना निरोप द्यावा, दवाखान्यात न्यायला गाडी कोणाची, हे आधीच ठरवून ठेवावे. गरम पाणी आणि कोरडी खोली, एवढे तर कोणत्याही वस्तीवर निघते. बेथलेहेमात त्या रात्री तेवढेच हवे होते.