मदतीच्या वाटेवरील स्फोट : गडचिरोलीतील भूसुरुंग आणि प्रथम प्रतिसादक

१ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या पहाटे, गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील पंचवीसहून अधिक वाहने माओवाद्यांनी जाळली. त्या ठिकाणाकडे दुपारी कुरखेड्याचे शीघ्र प्रतिसाद पथक एका खासगी वाहनातून निघाले. जांभूळखेड्याजवळ रस्त्यात पेरलेल्या भूसुरुंगाचा स्फोट झाला आणि पथकातील १५ पोलीस व वाहनाचा चालक असे १६ जण मृत्युमुखी पडले. घटनांचा हा क्रम पाहिला म्हणजे जाळपोळ आणि स्फोट या दोन स्वतंत्र घटना मानता येत नाहीत. पहिल्या घटनेने पोलिसांना बोलावले आणि दुसरीने त्यांना वाटेत गाठले. अशा स्फोटकाचा परिणाम मोजताना केवळ दारूगोळ्याची ताकद विचारात घेऊन भागत नाही. धावून जाणे हेच ज्याचे कर्तव्य आहे, त्याचे ते कर्तव्यच येथे शस्त्र म्हणून वापरले जाते.

संज्ञेविषयी

इंग्रजीतील ‘आयईडी’ या संज्ञेचे ‘सुधारित स्फोटक साधन’ असे भाषांतर मराठी वृत्तपत्रांत वारंवार आढळते. ते दिशाभूल करणारे आहे. येथे सुधारणा काहीच नसते. कारखान्यात न बनलेले, हाताशी असलेल्या वस्तूंतून जुळवलेले स्फोटक, एवढाच मूळ अर्थ आहे. गडचिरोलीत बोलीभाषेपासून पोलीस नोंदींपर्यंत ‘भूसुरुंग’ हा शब्द रूढ असल्याने प्रस्तुत लेखात तोच वापरला आहे. खाणकामासाठी व शेतीसाठी लागणारी रसायने अशा कामाकडे वळवली जातात, हे लक्षात आल्यावर केंद्र सरकारने २०१२ मध्ये अमोनियम नायट्रेटच्या उत्पादन, साठवण व वाहतुकीसाठी स्वतंत्र नियम केले.

शरीरावरील आघात

वैद्यकशास्त्र स्फोटाच्या दुखापतींचे चार प्रकार मानते. दाबलहरीने कानाचा पडदा, फुप्फुसे व आतडी यांसारखे हवा असलेले अवयव फाटतात. उडालेले तुकडे शरीरात घुसतात. माणूस फेकला जाऊन आपटतो. आणि शेवटी भाजणे, चिरडणे, धुराने गुदमरणे यांसारख्या इजा होतात. प्रत्यक्षात हे चारही प्रकार एकाच जखमी माणसात आढळतात, आणि पहिला प्रकार बाहेरून दिसत नाही. अंगावर ओरखडाही नसलेला जवान काही तासांनी श्वासासाठी धडपडू लागतो, तो यामुळेच. बंदिस्त जागेत दाबलहर भिंतींवरून परावर्तित होत असल्याने ही हानी अधिक गंभीर होते. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत झालेल्या स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, त्यामागे गर्दीच्या डब्याचा हा बंदिस्तपणाही होता.

वाहनाखालील स्फोटाची रीत निराळी आहे. वाहनाचा तळ क्षणात वर उचलला जातो आणि टाच, नडगी, कटिभाग व पाठीचा कणा यांवर तो धक्का चढत जातो. मोरीखाली किंवा रस्त्याच्या पोटात मोठा साठा पुरलेला असेल, तर चिलखती वाहनही उलटून पडते. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यातील पुस्टोला येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १२ जवान, तर ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात मुरमुरीजवळ ‘सी-६०’ पथकाचे ७ जवान अशा स्फोटांत बळी पडले. यावरून सुरक्षा दलांनी धडा घेतला तो पायी चालण्याचा. मात्र पायवाटेवर दाबाने फुटणारे छोटे स्फोटक असते. ते पाऊल तोडते, शिवाय माती, गवत व बुटाचे तुकडे मांडीपर्यंत स्नायूंत घुसवते. जंतुसंसर्ग वर सरकतो आणि घोट्याजवळची जखम पुष्कळदा गुडघ्यावरील विच्छेदनात संपते.

अंतराचा प्रश्न

मांडीची मुख्य रक्तवाहिनी तुटल्यास माणूस काही मिनिटांत दगावतो. म्हणून पहिला खरा उपचार शस्त्रक्रियागृहात होत नाही. तो शेजारच्या सहकाऱ्याच्या हातून, आवळपट्टी घट्ट बांधून होतो. ही पट्टी अवयव गमावण्याच्या भीतीने एकेकाळी टाळली जात असे. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांनंतर ती पुन्हा प्रत्येक सैनिकाच्या खिशात आली. गडचिरोलीत तिचे महत्त्व अधिक आहे. भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांतून जिल्ह्याच्या ठिकाणी येणे लांबचे, आणि तेथून नागपूर आणखी सुमारे १७० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. हेलिकॉप्टर हा यावरचा उपाय. पण ते उतरण्यासाठी जागा सुरक्षित करावी लागते, आणि त्या जागेतही स्फोटक असू शकते.

दुसरा स्फोट

येथे प्रश्नाचा गाभा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाजारपेठांतील स्फोटांनंतर जखमींना जेथे आणले जात होते, त्या सिव्हिल रुग्णालयाच्या आवारातच पुढचा स्फोट झाला. मदतीस धावलेले लोक व डॉक्टर बळी पडले. मे २०२५ मध्ये छत्तीसगड-तेलंगण सीमेवरील करेगुट्टा डोंगरातील मोहिमेत जखमी सहकाऱ्याला बाहेर काढू पाहणाऱ्या ‘कोब्रा’ दलाच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या स्फोटकाने पाय गमवावा लागला. त्या मोहिमेत ४५० स्फोटके सापडल्याचे शासनाने जाहीर केले.

यामुळेच प्रशिक्षणात जखमीकडे धाव घेण्यापूर्वी जमीन तपासण्यास सांगितले जाते. हा नियम शिकवणे सोपे आहे. समोर ओळखीचा माणूस ओरडत असताना तो पाळणे, ही निराळी बाब आहे.

पालघर जिल्ह्यात भूसुरुंगाचा धोका नाही, तरी थांबून पाहण्याची ही शिस्त येथेही अप्रस्तुत नाही. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरनजीक कोळवडे येथील रसायन कारखान्यातील स्फोटात ८ जणांचा मृत्यू झाला. तारापूर औद्योगिक वसाहतीत स्फोटाचा आवाज ऐकून जमणारी गर्दी, अग्निशमन जवान व रुग्णवाहिकेचा चालक यांच्यापुढे कुरखेड्यातील पथकासारखाच प्रश्न असतो : आत आणखी काय फुटायचे राहिले आहे? तेथे हेतू नसतो, रसायन असते, एवढाच फरक.

चालक

जांभूळखेड्यातील सोळावा मृत्यू चालकाचा होता. २६ एप्रिल २०२३ रोजी दंतेवाड्यात अरणपूरजवळ १० जवानांसह एक चालक, आणि ६ जानेवारी २०२५ रोजी विजापूर जिल्ह्यात कुटरूजवळ ८ जवानांसह एक चालक मरण पावला. तीनही घटनांत तो गणवेशधारी नव्हता. भूसुरुंगविरोधी प्रशिक्षण, चिलखत, पथकातील स्थान यांतले त्याच्याकडे काहीच नसते. तरी सर्वांत पुढे तोच बसलेला असतो. दहशतीच्या परिणामांवरील लेखनात ‘जवान’ व ‘नागरिक’ असे दोन रकाने केले जातात, आणि हा माणूस दोहोंच्या मध्ये हरवतो.

मनावरील आघात

चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हापासून एक वाद चालू आहे : लक्षणे मेंदूला बसलेल्या धक्क्याची की भीतीची? आज दोन्हींचा वाटा मानला जातो. विसरभोळेपणा, डोकेदुखी, चिडचिड व निद्रानाश ही सौम्य मेंदूइजेची लक्षणे आघातोत्तर तणावाच्या लक्षणांशी इतकी मिसळतात की निदान कठीण होते. पोलीस दलात तर ती स्वभावदोष म्हणूनच नोंदली जाण्याचा संभव अधिक. तुकडे गोळा करून पंचनामा करणाऱ्या शिपायाला कोणतीच जखम झालेली नसते, त्यामुळे तो रजाही मागत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माओवादी नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. पेरून ठेवलेली स्फोटके मात्र शरण येत नाहीत. शेजारच्या विजापूर जिल्ह्यात मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्यास गेलेल्या गावकऱ्यांचे पाय त्यांवर पडले आहेत. अशा वेळी प्रथम प्रतिसादक असतो तो सोबत पाने तोडणारा शेजारी, आणि आवळपट्टी त्याच्याजवळ नसते.